पाळी 35 दिवसांची असेल तर दिवस कधी राहिले हे कसं काढायचं?

रानजाई
उपकेंद्रात नोंदणीला आलेल्या एका बाईंचा हिशेब जुळत नाही. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस 3 मार्च. तारीख पक्की आहे, कॅलेंडरवर खूण केलेली. पाळी एरवी 35 दिवसांनी येते. 4 मेच्या सोनोग्राफीत 7 आठवडे 6 दिवस आलेत, पाळीवरून मात्र 8 आठवडे 6 दिवस भरतात. मोबाइलमधलं ॲप गर्भधारणा 17 मार्चची सांगतं. नवरा बोटीवर असतो, तो 20 मार्चला घरी आला. सासरी बोटं मोजणं सुरू झालंय. कार्डावर ईडीडी (बाळंतपणाची अंदाजे तारीख) कोणती लिहू आणि घरच्यांना काय सांगू?

केतकी
सिस्टर, 17 मार्च ही तारीख ॲपने शोधलेली नाही. 3 मार्चमध्ये 14 दिवस मिळवले, एवढंच. हा हिशेब 28 दिवसांच्या पाळीचा.

बीज फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. मागची पाळी कधी आली यावर ते ठरत नाही. पाळी लांबते ती बहुतेक वेळा बीज तयार होण्याच्या आधीच्या टप्प्यात. नंतरचा टप्पा बऱ्यापैकी ठरलेला असतो. यांची पुढची पाळी 7 एप्रिलला यायची होती. त्यातून 14 दिवस वजा करा: 24 मार्च.

आता सोनोग्राफीकडून उलटं या. रिपोर्टातले आठवडे गर्भाचं खरं वय नसतं, त्यात पाळीचे दोन आठवडे धरलेले असतात. 7 आठवडे 6 दिवस म्हणजे 55 दिवस, त्यातून 14 गेले, राहिले 41. 4 मेच्या आधी 41 दिवस म्हणजे पुन्हा 24 मार्च. दोन वेगळ्या वाटांनी एकच तारीख आली. घरच्यांसमोर कागदावर हेच मांडा, त्या बाईंना त्याची गरज आहे.

पारिजातक
केतकीताईंचं गणित बरोबर आहे, पण 24 मार्च हाच दिवस असं ठामपणे सांगू नका. या आठवड्यांतल्या सोनोग्राफीतही पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात. शिवाय शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र जेमतेम 12 ते 24 तास. म्हणून संबंध ज्या दिवशी आला त्याच दिवशी गर्भ राहिला असं नसतं. 24 ला बीज फुटलं असं धरलं तर 19 ते 24 हे सहा दिवस सुपीक. नवरा 20 ला आला, म्हणजे हिशेबात शंकेला कारणच नाही.

ईडीडीबद्दल: पाळीपासून 280 दिवसांच्या हिशेबाने 8 डिसेंबर येते, सोनोग्राफीने 15 डिसेंबर. 9 आठवड्यांच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरतात; इथे सात दिवसांचा आहे. डॉक्टरांना दाखवून 15 डिसेंबर नोंदवा. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत वेगळी ईडीडी छापून येईल, ती कार्डावर चढवू नका. पाचव्या-सातव्या महिन्यात बाळाची वाढ कमी असेल तर मशीन दिवसच कमी दाखवतं, आणि तारीख पुढे ढकलली की कमी वाढ झाकली जाते. ही चूक फार महागात पडते.

रानजाई
आभार, कागदावर मांडूनच दाखवते. ज्यांना दिवस राहायचे आहेत आणि पाळी मागेपुढे होते, त्यांना सुपीक दिवस कसे काढायला सांगू?

केतकी
सहा पाळ्यांची नोंद ठेवायला सांगा. सर्वांत लहान चक्रातून 18 वजा, सर्वांत मोठ्यातून 11 वजा. 31 आणि 37 असेल तर 13 वा ते 26 वा दिवस. हा पट्टा रुंद आहे, म्हणून अंगावरच्या पांढऱ्या पाण्याकडे लक्ष द्यायला शिकवा. एरवी ते चिकट किंवा घट्ट असतं; बीज फुटायच्या आधी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं, दोन बोटांत धरलं तर तार निघते. तार निघाली की एक दिवसाआड संबंध पुरे.

एलएच पट्टी (बीज फुटायच्या आधी वाढणारं संप्रेरक लघवीत तपासणारी) वापरणार असतील तर आधीचे दोन तास फार पाणी प्यायचं नाही. चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा जास्त गडद हवी, फिकी रेघ म्हणजे नाही. गडद झाल्यावर 24 ते 36 तासांत बीज फुटतं. पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर पट्टी वरचेवर गडद येऊन फसवते. तिथे एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडी (बीजाची वाढ पाहणारी सोनोग्राफी) बरी. सकाळच्या तापमानाची वाढ बीज फुटून गेल्यावर दिसते, म्हणून त्या महिन्यात तिचा उपयोग नाही. रात्रपाळी असेल तर तीही नोंद बिघडते.