शब्दचर्चा: ‘विक्कन’ बाईला चेटकीण म्हणावं का?

प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी एडिनबरोला शिकते. तिच्याबरोबर राहणारी स्कॉटिश मुलगी विक्का धर्म पाळते. हे आजीला फोनवर सांगताना लेक म्हणाली, “अगं, ती विच आहे, म्हणजे चेटकीण.” झालं! तेव्हापासून सासूबाई रोज विचारतात, पोर तिथे सुखरूप आहे ना. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण चौकस आहेत. नीट सांगितलं तर समजून घेतील. नीट सांगायला माझ्याकडेच शब्द नाहीत. ‘विच’ला या अर्थाने मराठीत काय म्हणतात? आणि मुळात विक्का म्हणजे काय?

प्रतिसाद

ताई, ‘चेटकीण’ नकोच. चेटूक, करणी, मूठ, भानामती हे शब्द वाक्यात कसे येतात बघा. ‘त्याच्यावर करणी केली’, ‘तिच्यावर मूठ मारली’. प्रत्येक ठिकाणी ‘वर’ आहे, म्हणजे समोर कुणीतरी बळी आहे. बळी नसेल तर मराठीत चेटूक होतच नाही. विक्काचं मुख्य नैतिक वचन नेमकं याच्या उलट आहे: कुणाचं नुकसान होत नसेल, तर तू तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. या वचनाला ते ‘रीड’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत रीड म्हणजे सल्ला, आज्ञा नव्हे. मूळ इंग्रजी वचनातला पहिला शब्द ‘ॲन’ हा ‘आणि’ नाही, तो ‘जर’ या अर्थाचा जुना शब्द आहे. तो ‘आणि’ समजून केलेलं भाषांतर वाचनात आलं होतं. त्यात अट गळून पडते आणि नुसता स्वैराचार उरतो.

आता विक्का म्हणजे काय ते. हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला निसर्गपूजक धर्म आहे. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हे मलायात कस्टम्स खात्यात नोकरीला होते. १९३६ला निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. १९३९मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गटाने आपल्याला दीक्षा दिली, असं ते सांगत. १७३५चा विचक्राफ्टविषयीचा कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये त्यांनी या पंथावर उघडपणे पुस्तक लिहिलं. ही ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आलेली परंपरा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. इतिहासकारांना तो दावा मान्य नाही. यामुळे धर्म खोटा ठरत नाही, फक्त त्याचं वय कमी होतं. त्यांच्या गटात १९५३मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी पूजेतली पुष्कळशी वचनं नव्याने लिहिली, आणि आज ऐकू येणारी सुंदर भाषा बरीचशी त्यांची आहे.

श्रद्धा थोडक्यात: एक देवी आणि एक शिंगं असलेला देव. देवीची कुमारी, माता आणि वृद्धा अशी तीन रूपं मानतात आणि ती चंद्राच्या कलांशी जोडतात. शिंगं बघून लोकांना सैतान आठवतो, पण सैतान ही ख्रिस्ती कल्पना आहे, विक्कात तिला जागा नाही. पौर्णिमेला पूजा आणि वर्षात आठ सण. काही जण दीक्षा घेऊन लहान गटात पूजा करतात, त्या गटाला ‘कव्हन’ म्हणतात. पुष्कळ जण एकटेच करतात.

पुन्हा प्रश्न

खूप आभार. मग लिहायचं कसं, ‘विका’ की ‘विक्का’? आणि ‘विक्क्याचा’ की ‘विक्काचा’? मुलीला हे मराठीत लिहून पाठवायचं आहे, म्हणून विचारते.

प्रतिसाद

‘विक्का’ लिहा. ‘विका’ पाहिलं की मराठी डोळा आधी बाजारात जातो. गंमत अशी की इंग्रजीत आज दोन ‘सी’ लिहितात (Wicca), पण गार्डनर स्वतः एकच ‘सी’ लिहीत. जुन्या इंग्रजीत पुरुष असेल तर ‘विच्चा’ आणि बाई असेल तर ‘विच्चे’ असा उच्चार होता. त्यातूनच आजचा ‘विच’ आला. म्हणजे विक्का आणि विच हा एकच शब्द. एक तोंडातोंडी झिजत आला, दुसरा जुन्या पोथीतल्या स्पेलिंगवरून वाचला गेला. ‘विच म्हणजे मुळात शहाणी बाई’ असंही सांगतात, पण भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत.

सामान्यरूप काका, राजासारखं न बदलता ठेवावं: विक्काचा, विक्कात. पाळणारी व्यक्ती बाई असो वा पुरुष, ‘विक्कन’.

दुसऱ्या वाचकाचा प्रतिसाद

मध्येच बोलतो. त्यांच्या विधीतले शब्द मराठीत आणताना आपल्याकडे तयार शब्द किती आहेत ते पाहा. पूजेआधी ते जमिनीवर वर्तुळ आखतात आणि त्याभोवती डावीकडून उजवीकडे फिरतात. त्या दिशेला ‘डेसिल’ म्हणतात. हा स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतला शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘देस’ या शब्दाचे अर्थ दोन, उजवा आणि दक्षिण. आपल्या ‘दक्षिण’चेही हेच दोन अर्थ आहेत, कारण दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण. म्हणून डेसिलला सरळ ‘प्रदक्षिणा’ म्हणा, त्यात काही ओढूनताणून नाही.

याहून मोठं नवल दुसऱ्या शब्दाचं. गार्डनरच्या परंपरेत विधी वस्त्र न घालता करतात आणि त्याला इंग्रजीत ‘स्कायक्लॅड’ म्हणतात, आकाश ल्यालेला. हे ‘दिगंबर’चं भाषांतर आहे. दिगंबर जैन साधूंसाठी इंग्रज लेखक हा शब्द गार्डनरच्या आधीपासून वापरत होते. आपला शब्द समुद्रापार जाऊन परत आला, तर त्याला ‘दिगंबर’ म्हणूनच घरात घ्यावं.

पहिल्या प्रतिसादकाकडून

‘दिगंबर’ मलाही पटतं. ‘प्रदक्षिणा’ही. पण पुढे जाऊ नये असं वाटतं. वर्तुळात उभं राहून ते चार दिशांना आवाहन करतात: पूर्व वाऱ्याची, दक्षिण अग्नीची, पश्चिम पाण्याची, उत्तर पृथ्वीची. भाषांतर करताना माझ्या हाताखाली ‘दिग्बंध’ (मंत्रांनी दिशा बांधणं) हा शब्द आला होता आणि मी तो लिहून खोडला. दिग्बंध म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात न्यास उभा राहतो, मंत्र उभे राहतात, आणि तो म्हणतो, हे तर सगळं आपल्याकडूनच नेलंय. इथे तसं नाही. शब्द जिथे खरोखर एका मुळाचे आहेत तिथे आपला शब्द वापरावा. जिथे फक्त कृती सारखी दिसते तिथे साधं सांगावं: वर्तुळ आखतात, चार दिशांना हाक घालतात. तसंच ‘केलेलं तिप्पट होऊन परत येतं’ या त्यांच्या नियमाला कुणी ‘त्रिगुण’ म्हटलेलं पाहिलं. सत्त्व-रज-तम डोक्यात असलेल्या वाचकाची पूर्ण फसगत होते. ‘तिप्पट परतीचा नियम’ म्हणावं.

पुन्हा प्रश्न

एक शंका. ती मुलगी स्वतःच स्वतःला ‘विच’ म्हणते, आणि अभिमानाने म्हणते. मग मराठीत तो शब्द टाळून आपण तिच्यावर अन्याय करत नाही का? आणि ३१ ऑक्टोबरचा सण सासूबाईंना ‘पितृपक्षासारखा’ म्हणून सांगितला तर चालेल?

प्रतिसाद

शंका रास्त आहे. ती ज्या शहरात राहते, तिथल्या किल्ल्याच्या पटांगणाजवळ विच ठरवून मारलेल्यांच्या आठवणीसाठी १८९४चं एक लहानसं भिंतीतलं कारंजं आहे. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ या काळात विचक्राफ्ट हा कायद्याने गुन्हा होता. आरोप झालेल्या सुमारे ३,८०० जणांची नोंद सापडते आणि त्यात बहुतेक बायका होत्या. त्या बायका विक्कन नव्हत्या, साध्या ख्रिस्ती बायका होत्या. ८ मार्च २०२२ला तिथल्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) निकोला स्टर्जन यांनी त्यांची माफी मागितली. तिथे तो शब्द जुना झाला, त्याच्यामागचा दगड खाली पडला, म्हणून आजची मुलगी तो उचलून गळ्यात घालू शकते.

आपल्याकडे तो दगड अजून हातात आहे. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारलं गेलंय, गावाबाहेर काढलं गेलंय. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याला करावा लागला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. म्हणून ‘विच’ हा तिचा शब्द तिच्याच तोंडी, देवनागरीत जसाच्या तसा ठेवा. ‘चेटकीण’ आणि ‘डाकीण’ हे शब्द मात्र मी कुणाही जिवंत बाईसाठी लिहिणार नाही.

३१ ऑक्टोबरच्या सणाचं स्पेलिंग पाहून ‘सॅमहेन’ म्हणू नका, उच्चार ‘साउइन’च्या जवळचा आहे. कापणी संपली, थंडी आली, गेलेल्यांची आठवण काढायची, दिवा लावायचा, असा तो दिवस. सासूबाईंना सर्वपित्रीची आठवण करून द्या, पण ‘तेच’ म्हणू नका, ‘आपल्या सर्वपित्रीला आपण आठवण काढतो ना, तसं’ म्हणा. ‘तसं’ या एका शब्दात सारखेपणाही येतो आणि वेगळेपणाही. ऑस्ट्रेलियातले विक्कन हाच सण एप्रिलअखेरीस करतात, कारण तिथे थंडीची चाहूल तेव्हा लागते. सण तारखेचा नाही, ऋतूचा आहे, हे चैत्र-आश्विन मोजत आलेल्या बाईला तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न विचारणारीकडून

काल रात्री सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. दिगंबरपाशी त्यांनी मला थांबवलं आणि दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “ती पोरगी थंडीत कशी गं उभी राहत असेल?” मुलीला विचारून सांगते म्हटलं. उत्तर आलं: ती एकटीच पूजा करते, घरात, जाड स्वेटर घालून.