गोठ्याची फिश रूम करतोय: कोबा की फरशी? सोमवारी गवंडी येतोय, लवकर सांगा

चिरेबंदी
नमस्कार. घरामागचा गोठा रिकामा पडलाय, त्यात माशांच्या टाक्या लावायच्या आहेत. गोठा १५ बाय १० फुटांचा, चिऱ्याचा, वर मंगलोरी कौले. प्रश्न एकच आहे. खाली आयपीएस (सिमेंटचा घोटीव) कोबा घालू की फरशी? जमीन मागच्या बाजूला कलती आहे, ती सपाट करून घेणार आणि शेणामुताची नाली बुजवणार. गवंडी म्हणतो फरशी करा, बरी दिसते. मला टिकाऊ पाहिजे. कृपया मुद्द्याचे सांगा, सोमवारच्या आत सिमेंट आणायचे आहे.

सागरगोटा
किती टाक्या? केवढ्या? कोणते मासे? स्टँड लोखंडी की लाकडी? पाणी कुठले? एवढे कळल्याशिवाय कोबा काय नि फरशी काय, उत्तर कसे देणार?

कुर्लाकर
टाक्या तयार घेऊ नका. काच कापून आणा आणि सिलिकॉन लावून घरीच बनवा, निम्म्यात पडते. मासे कुर्ल्याच्या बाजारातून उचला. पहाटे गेलात तर ताजा माल मिळतो आणि घाऊक भाव लागतो. रत्नागिरीची गाडी असेल तर पिशव्यांत ऑक्सिजन भरून देतात.

चिरेबंदी
कुर्लाकर, धन्यवाद, पण मी जमिनीचे विचारतोय.
सागरगोटा: १८ टाक्या, प्रत्येकी २ फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच. अँगलचे तीन रॅक, प्रत्येकावर तीन मजले. मासे गप्पी आणि मॉली, पैदाशीसाठी. पाणी विहिरीचे. गाव लांजा तालुक्यात.

सागरगोटा
आता कळले. तुमच्या एका टाकीत साधारण १०६ लिटर पाणी मावते. एका रॅकवर सहा टाक्या म्हणजे ६३६ किलो नुसते पाणी. ६ मिमी काच धरली तर टाकीमागे १६ किलो आणखी. अँगल धरून एक रॅक आठशे किलोच्या जवळ जातो आणि हे सगळे वजन चार पायांच्या टोकांवर येते. फरशीखाली कुठे पोकळ राहिले तर पाय बसेल, फरशी तडकेल, रॅक तिरका होईल आणि तळाच्या काचेचा जोड सुटेल. सारवलेल्या जमिनीवर नुसती फरशी मुळीच नको. खाली चांगली धुमस करा, खडी-वाळूचा थर, मग चार इंची काँक्रीट, वर कोबा. प्रत्येक पायाखाली सहा बाय सहाची लोखंडी पट्टी ठेवा.

आणि उतार घालवू नका, नाली बुजवू नका. लोक फिश रूमला नवीन मोरी काढायला हजारो रुपये घालतात, तुमच्या गोठ्यात ती आधीच आहे. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचे म्हटले तर सहाशे लिटरच्या वर पाणी बाहेर काढायचे आहे. बादलीने काढणार का? रॅकच्या पायांखालच्या पट्ट्याच तेवढ्या पाणसळ लावून समतल करा, बाकी जमीन नालीकडे कलती राहू दे. गवंड्याला हे आधी सांगा, कारण त्यांना सपाट जमीन करायची सवय असते.

हिरवीफांदी
नालीचे पाणी जाते कुठे? पऱ्ह्यात (ओढ्यात) जात असेल तर कृपा करून तसे करू नका. गप्पी कुठल्याही साचलेल्या पाण्यात तग धरतात आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातात. उजनीच्या जलाशयात सकर मासे वाढल्याचे आपण वाचतोच. ते कोणाच्या तरी घरातल्या टाकीतूनच बाहेर आलेले असणार. नालीच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि पाणी केळी-माडांच्या आळ्यात सोडा. झाडांना त्याचा फायदाच होतो.

चिरेबंदी
पऱ्ह्यातच जाते. पण केळी खालच्या बाजूला आहेत, वळवता येईल. हा विचार केला नव्हता, आभार.

मुकुंदकाका
गोठा आहे तर शेळ्या पाळा. उस्मानाबादी दीड-दोन वर्षांत दोनदा विते, बाजार हातचा आहे. माशांना वीज लागते, शेळीला पाला लागतो. गुरे विकून गोठ्यात काचा मांडणे मला पटत नाही.

शेवंती
काका, त्यांनी शेळ्यांचे विचारलेले नाही. चिरेबंदी, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला अनुदान आहे. ३ लाखांचा प्रकल्पखर्च धरतात, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. घरातल्या बाईच्या नावाने अर्ज करता येतो का ते पाहा. बांधकामाला हात घालण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन या, काम झाल्यावर मागितले तर अडचण येते. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या प्राध्यापकांना भेटा.

तळ्यातमळ्यात
विहिरीचे पाणी आणि गप्पी? लांजा म्हणजे जांभ्याचा कातळ. तिथले पाणी मऊ आणि आम्लधर्मी असते. गप्पी-मॉलींना जड, क्षारयुक्त पाणी लागते. मऊ पाण्यात त्या पंख मिटून एका जागी डुलत राहतात, मग एकेक मरते. एंजल ठेवा, टेट्रा ठेवा, धाडस असेल तर डिस्कस. तुमचे पाणी त्यांच्यासाठीच आहे, लोक त्यासाठी आरओ बसवतात.

कुर्लाकर
असहमत. बाजारात रोज खपतात गप्पी आणि मॉली. डिस्कसला २८ ते ३० डिग्री पाणी लागते, १८ टाक्यांत हीटर लावले तर वीजबिल कोण भरणार? पाणी जड करणे सोपे आहे.

तळ्यातमळ्यात
सोपे आहे म्हणून रोज कोणी करत नाही. दर पाणी बदलताना क्षार मोजून घालायचे, १८ टाक्यांत. पाण्याला साजेसा मासा ठेवावा, माशासाठी पाणी बदलत बसू नये, एवढेच माझे म्हणणे.

सागरगोटा
दोघांचेही बरोबर आहे, पण आधी मोजा तरी. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) स्वस्तात मिळतो. पाणी मऊ निघाले तर कालवांची शिंपले धुऊन, उकळून, ठेचून जाळीच्या पिशवीत घालून प्रत्येक टाकीत टांगा. किनाऱ्यावर फुकट मिळतात. पीएच एकदम कोसळत नाही आणि फिल्टरमधले जिवाणूही टिकतात. पीएच ६ च्या खाली गेला की ते काम मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो.
आणखी एक: पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते का? टाकत असेल तर त्या आठवड्यात ते पाणी थेट टाकीत नको, ड्रममध्ये हवा मारून ठेवायचे किंवा हायपो (क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट) घालायचा.

चिरेबंदी
विहीर घरची आहे, पण टीसीएल टाकायला माणूस येतो. बरे झाले सांगितलेत. म्हणजे कोबाच नक्की ना?

गुरांचा_डॉक्टर
कोबा नक्की करण्याआधी एक सांगा. गोचिडांसाठी गोठ्यात काय फवारत होतात?

चिरेबंदी
बाबा फवारायचे. बाटली अजून फळीवर आहे. डेल्टामेथ्रीन लिहिलेय. त्याचा काय संबंध? गुरे विकून झाली, गोठा झाडून काढला.

गुरांचा_डॉक्टर
फार मोठा संबंध आहे. डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधे. गुरांना आणि माणसांना तेवढा त्रास देत नाहीत, पण मासे मात्र पाण्यातल्या अगदी नगण्य अंशानेही मरतात. बाटलीच्या लेबलवरच माशांना विषारी असल्याची सूचना असते. उन्हात ती लवकर विरतात, पण अंधाऱ्या गोठ्यात चिऱ्याच्या भेगांत, गव्हाणीच्या कोपऱ्यात, वाशांवर बसलेला थर बराच काळ राहतो. एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो आणि ती धूळ थेट पाण्यात सोडतो. शिवाय कौलांवरून, वाशांवरून जे ठिबकते ते उघड्या टाकीत पडते.

म्हणून क्रम असा ठेवा. जुनी सारवलेली जमीन चार-सहा इंच खणून बाहेर टाका, ती माती पऱ्ह्याजवळ नको. भिंतीचा सुटलेला गिलावा खरवडा, सोड्याच्या पाण्याने घासून धुवा, हे धुण्याचे पाणीही पऱ्ह्यात जाता कामा नये. नवा गिलावा, त्यावर रंगाचे दोन हात. वासे पुसून वार्निश. पंपाची हवा पाइपने बाहेरून घ्या. मग एकच टाकी भरा, त्यात थोडे गप्पी सोडा आणि महिनाभर बघा. ते धडधाकट राहिले तर उरलेल्या टाक्या. वाळवीची फवारणी कधी केली असेल तर तेही आठवा. वाळवीचे क्लोरपायरिफॉसही माशांना फार वाईट.

तळ्यातमळ्यात
हा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. चिरेबंदी, सगळ्यात आधी हेच करा.

निवृत्त_वायरमन
विजेचे कोणीच बोलले नाही. ओली जमीन आणि उघडे प्लग, जीवावर बेतेल. ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) वेगळा बसवा, अर्थिंगचा खड्डा नवा काढा. बोर्ड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा आणि प्रत्येक वायर खाली झोळ देऊन मग प्लगकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातच गळून पडते. कोकणात वादळ झाले की दिवस-दिवस लाईट नसते. ३५-४० वॉटचा एअर पंप १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर दिवसभर निघतो. अठरा कॅनिस्टर फिल्टर (प्रत्येकाला वेगळी मोटर) लावलेत तर निघणार नाही.

कुर्लाकर
कॅनिस्टरने पाणी आरशासारखे राहते.

निवृत्त_वायरमन
राहू दे. एक मोठा पंप, भिंतीभर पीव्हीसी पाइपची रिंग, प्रत्येक टाकीत स्पंज फिल्टर. बिघडणारी वस्तू एकच, आणि दुसरा पंप घरात तयार ठेवायचा.

शेवंती
छताला थर्माकोल शीट लावणार ना? एप्रिल-मेमध्ये कौलाखाली वरच्या मजल्यावरच्या टाक्या तापतात. आणि टाक्यांवर काचेची झाकणे हवीतच. पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी ओली असते की एक्झॉस्ट लावून वासे सुकत नाहीत.

चिरेबंदी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतके विचारले जाईल असे वाटले नव्हते. गवंड्याला फोन केला. आठ दिवस पुढे ढकलले, आधी जमीन खणायची आणि भिंती धुवायच्या. वाळवीचे बाबांना विचारले, त्यांना आठवत नाही, पण दाराच्या चौकटीला काहीतरी मारले होते म्हणतात, म्हणून चौकट बदलतो. उतार आणि नाली ठेवतोय. टीडीएस मीटर मागवला.
एकच विचारायचे राहिले. पंप कुठे बसवू? गोठ्याची एक भिंत आईच्या खोलीला लागून आहे, तिला रात्री झोप लागत नाही, त्यात पंपाची घरघर नको.

निवृत्त_वायरमन
त्या भिंतीला हातही लावू नका. समोरच्या बाजूला पडवीत, जाड रबरावर ठेवा किंवा दोरीने टांगा, आणि पंपापासून रिंगपर्यंतचा पहिला हातभर पाइप मऊ रबरी घ्या म्हणजे कंप भिंतीत जात नाही. पडवीतला पंप टाक्यांच्या पाण्याच्या पातळीहून वर ठेवा, नाहीतर लाईट गेली की पाणी उलटे पंपात येते. हवा बाहेरचीच ओढली जाईल, डॉक्टरांचेही काम झाले. पावसाच्या झडीपासून आडोसा मात्र करा.

मुकुंदकाका
पडवीत जागा असेल तर दोन शेळ्या तरी बांधा.