मदत हवी आहे: फ्लॅकची एमपीथ्री करताना गाण्यांमध्ये फट पडतेय, मराठी नावंही बिघडताहेत

मंद्र

नमस्कार मंडळी,

सीडींवरून उतरवलेला आणि काही विकत घेऊन डाउनलोड केलेला असा माझा साधारण साडेतीनशे जीबींचा संग्रह आहे. जवळपास सगळा फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता साठवणाऱ्या फाइलींत. संगणकावर तसाच ऐकतो, तिथे काही तक्रार नाही. पण फोनमध्ये १२८ जीबीचं कार्ड आहे, आणि गाडीतला प्लेयर तर फ्लॅकला ओळखच देत नाही, पेन ड्राइव्हवर एमपीथ्री असेल तरच वाजवतो. म्हणून सगळ्याची एक आटोपशीर प्रत करून ठेवायची आहे.

एका फुकट मिळणाऱ्या कन्व्हर्टरने काही अल्बम ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० हजार बिट, हाच बिटरेट) एमपीथ्रीत बदलून पाहिले. आवाज मला तरी बरा वाटला, पण पुढे अडलो.

मैफलींच्या ध्वनिमुद्रणात आलाप संपून बंदिश सुरू होते तिथे ट्रॅक बदलतो. फ्लॅक वाजवताना ते कळतसुद्धा नाही. एमपीथ्रीत मात्र क्षणभर आवाज तुटतो, आणि मागे तानपुरा चालू असताना ते फार खुपतं. दुसरं म्हणजे टॅग, म्हणजे फाइलीच्या आतली गाण्या-गायकाची नावं, मी मराठीत भरले आहेत. फोनवर ते नीट दिसतात, गाडीत काहीतरी भलतंच दिसतं. तिसरा प्रश्न नेहमीचाच, बिटरेट किती ठेवू? ३२० कमी पडतं असं म्हणणारेही भेटले आणि १९० पुष्कळ झालं असं म्हणणारेही. त्यात माझ्या काही फाइली २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या आहेत, त्यांचं वेगळं काही करावं लागतं का?

शिवाय त्या कन्व्हर्टरमध्ये फ्लॅकसाठी ० ते ८ अशी एक पट्टी दिसली. ती ८ वर नेली तर दर्जा घसरतो का? विंडोज वापरतो. कमांड लाइनची भीती नाही, पण प्रेमही नाही.

उगाच_एक

मोठं कार्ड घ्या, फ्लॅक तसंच ठेवा. विषय संपला.

मंद्र

@उगाच_एक, फोनचं ठीक आहे हो, पण गाडीतला प्लेयर कार्डाकडे बघून फ्लॅक वाजवायला लागणार नाही.

सॅम्पलवाला

बिटरेटचं आधी उरकून टाकतो. त्यावरून भांडणं सगळ्यात जास्त होतात आणि कानाला फरक सगळ्यात कमी पडतो.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावी-उजवी मिळून दोन वाहिन्या. गुणाकार केलात की १,४११ केबीपीएस येतात. फ्लॅक यातलं काहीही टाकत नाही, फक्त घट्ट बांधतं, त्यामुळे फाइल मूळच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश होते. तुमची ती ० ते ८ ची पट्टी म्हणजे संगणकाने बांधाबांधीवर किती मेहनत घ्यायची एवढंच. ० असो की ८, उलगडल्यावर बिट अन् बिट तेच. दर्जाचा तिथे संबंध नाही.

एमपीथ्री मात्र खरोखरच काढून टाकतं. मोठ्या आवाजाच्या आड लपणारे बारीक आवाज, कानाला जेमतेम लागणारे वरचे स्वर, असं जे ऐकू येण्याची शक्यता कमी ते आधी जातं. म्हणून एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, कोणता आहे याला फार महत्त्व. लेम नावाचा एन्कोडर १९९८ पासून घासूनपुसून सुधारत आलेला आहे, तोच वापरा. त्यात व्हीबीआर म्हणजे बदलता बिटरेट निवडा. त्यात दर्जाच्या पायऱ्या आहेत: व्ही०ला सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास येते, व्ही२ला १९०च्या. एकट्या तानपुऱ्याला कमी बिट, तबल्याची द्रुत लय आणि झांजा आल्या की जास्त, असं वाटप तो स्वतःच करतो. सीबीआर म्हणजे ठरावीक बिटरेट, त्या ३२० मध्ये हा विचार नाही, शांततेलाही तेवढीच जागा.

तुमचं साडेतीनशे जीबी फ्लॅक सरासरी ९०० केबीपीएस धरलं, तर व्ही०ने ९५ जीबीच्या आसपास, व्ही२ने ७५च्या आत. दोन्ही कार्डात मावतात. मी असतो तर व्ही२ केलं असतं. गाडीत इंजिनाचा आणि टायरचा आवाज चालू असताना व्ही० आणि व्ही२ यांतला फरक सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

९६ किलोहर्ट्झच्या फाइलींचं वेगळं काही करू नका. एमपीथ्रीची मजल ४८ किलोहर्ट्झपर्यंतच आहे, लेम स्वतःच खाली आणतो. आणि २४ बिट की १६ हा प्रश्न एमपीथ्रीत उरतच नाही, तिथे नमुने त्या रूपात साठवलेलेच नसतात.

जुनी_कॅसेट

सॅम्पलवाला, बाकी सगळं मान्य, पण गाडीतल्या जुन्या प्लेयरचा एक त्रास तुम्ही सोडलात. व्हीबीआर फाइलींची लांबी त्यातले काही प्लेयर चुकीची दाखवतात आणि गाणं पुढे ढकललं की भलतीकडेच उडी मारतात. माझ्या प्लेयरमध्ये हे होतं. म्हणून गाडीसाठी मी सीबीआर २५६ ठेवतो. जागा तासाला ११५ एमबी, मला परवडते.

सॅम्पलवाला

@जुनी_कॅसेट, रास्त आहे. मंद्र, आधी दोन-तीन व्हीबीआर फाइली पेन ड्राइव्हवर टाकून वेळ बरोबर दिसते का, गाणं पुढे सरकवता येतं का, एवढं बघा. प्लेयर रुसला तर सीबीआर. आणि ३२० कमी पडतं म्हणणाऱ्या मित्राला फूबार२००० या फुकट प्लेयरमध्ये एबीएक्स चाचणीचा घटक बसवून द्या. त्यात मूळ आणि बदललेली फाइल नाव न दाखवता वाजते आणि कोणती कुठली ते ओळखायचं असतं. पुन्हा पुन्हा बरोबर ओळखलं तर त्याचं खरं.

टॅगभक्त

बिटरेटवाल्यांचं झालं असेल तर नावांकडे वळू का? मंद्र, 'भलतंच दिसतं' म्हणजे नेमकं काय दिसतं ते सांगा. प्रश्नचिन्हं, रिकामे चौकोन, की टोप्या आणि टिंबं असलेली रोमन अक्षरं? तिन्हीची कारणं वेगळी आहेत.

मंद्र

टोप्यावाली रोमन अक्षरं. मधूनमधून एखादं चलनाचं चिन्हही. एका नावाची तर पूर्ण ओळ भरते.

टॅगभक्त

मग बातमी चांगली आहे, अक्षरं फाइलीत शाबूत आहेत. प्रश्नचिन्हं असती तर बदलतानाच अक्षरं गळाली असण्याची शक्यता होती, आणि मग टॅग पुन्हा भरणं आलं.

फ्लॅकचे टॅग कायम यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची एक पद्धत, यूटीएफ-१६ ही दुसरी) असतात, तिथे गोंधळाला वाव नाही. एमपीथ्रीत टॅग आयडीथ्री पद्धतीने लिहितात आणि तिच्या आवृत्त्या आहेत. २.३ मध्ये मराठीसाठी यूटीएफ-१६ वापरावं लागतं, यूटीएफ-८ ची सोय २.४ मध्ये आली. तुमच्या कन्व्हर्टरने बहुतेक २.४ लिहिलं आहे. गाडीतला प्लेयर ते जुन्या रोमन अक्षरसंचासारखा वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि तो प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर करतोय, म्हणून तुमची ओळ भरते.

उपाय: एमपीथ्रीटॅग नावाचा फुकट प्रोग्राम घ्या. पर्यायांमध्ये टॅग, त्यात एमपेग, आणि लिहिण्यासाठी 'आयडीथ्री २.३ यूटीएफ-१६' निवडा. मग सगळ्या फाइली निवडून फक्त सेव्ह करा. आवाजाला धक्का लागत नाही, टॅग तेवढे नव्याने लिहिले जातात. आधी एकाच फोल्डरवर करून गाडीत बघा.

त्यानंतर चौकोन दिसायला लागले, तर प्लेयरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही असं समजा. त्यावर तुमच्या हातात काही नाही, गाडीच्या प्रतीपुरती नावं रोमनमध्ये करायची. मूळ फ्लॅकच्या टॅगला हात लावू नका.

सॅम्पलवाला

आता फट. एमपीथ्री आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करतं, एका तुकड्यात १,१५२ नमुने, म्हणजे सीडीच्या वेगाने सुमारे २६ मिलिसेकंद. ट्रॅकची लांबी त्याच्या पटीत असायला हवी असं कोणी गायकाला सांगितलेलं नसतं. मग शेवटचा तुकडा भरायला एन्कोडर शांतता घालतो. सुरुवातीलाही थोडी येते, कारण त्याच्या गणिताला आधीचे काही नमुने लागतात. ही दोन्हीकडची शांतता म्हणजे तुमची फट. बिटरेट वाढवून ती जाणार नाही.

लेम यावर एक शहाणपणा करतो. फाइलीच्या पहिल्या तुकड्यात पुढे किती आणि मागे किती नमुने उगाचचे आहेत ते नोंदवून ठेवतो. प्लेयरने ती नोंद वाचली तर तेवढं कापून पुढचा ट्रॅक सलग जोडतो. म्हणजे दोन अटी: कन्व्हर्टरने नोंद करायला हवी आणि प्लेयरने ती पाळायला हवी. तुमचा कन्व्हर्टर आत कोणता एन्कोडर वापरतो ते बघा. मला तिथेच शंका आहे.

फूबार२००० घ्या, सोबत त्याचा फुकटचा एन्कोडर संच वेगळा उतरवावा लागतो, त्यात लेम आहे. फाइली निवडून उजवी क्लिक, कन्व्हर्ट, एमपीथ्री. फोल्डरांची रचना आणि नावं कशी ठेवायची तेही तिथेच सांगता येतं. सगळे प्रोसेसर कोअर एकाच वेळी कामाला लावतो, तरी इतका संग्रह आहे म्हटल्यावर रात्री लावून झोपा.

जुनी_कॅसेट

आणि गाडीतला प्लेयर नोंद पाळत नसेल तर (बहुतेक पाळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो) मैफल एकाच फाइलीत करा. फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये सगळे ट्रॅक मिळून एकच फाइल करायचा पर्याय आहे. मात्र फ्लॅकवरूनच जोडा. आधी एमपीथ्री करून मग त्या चिकटवल्यात तर फटी आत तशाच राहतील.

तिहाई

धाग्यात घुसतो, माफ करा. माझ्याकडे एमफोरए फाइली आहेत. त्यांची एमपीथ्री केली तर चालेल?

सॅम्पलवाला

@तिहाई, एमफोरए हा नुसता डबा आहे. आत एएलएसी असेल तर ते फ्लॅकसारखंच काही न टाकणारं, खुशाल बदला. एएसी असेल तर त्यातून आधीच काढून झालेलं आहे, एमपीथ्री त्यातून आणखी काढेल. गाडी एएसी वाजवत असेल तर तसंच राहू द्या. ओळखायचं कसं? बिटरेट बघा. सातशे-नऊशेच्या घरात असेल तर एएलएसी, २५६ किंवा त्याखाली असेल तर बहुतेक एएसी.

अवांतर: काही लोक एमपीथ्रीवरून पुन्हा फ्लॅक करतात आणि तेच पुढे सरकवतात. फाइल मोठी होते, गेलेलं परत येत नाही. संशय आला तर स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा अंधार दिसला तर ती बहुधा १२८च्या एमपीथ्रीतून आलेली आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळातच वर काही नसतं, तिथे लगेच आरोप करू नका.

मंद्र

मंडळी, मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

फूबार आणि लेमने व्ही२ केलं. फोनवर आलापातून बंदिशीत जाताना आता काही कळत नाही, सलग वाजतं. म्हणजे सॅम्पलवालांची शंका बरोबर होती. गाडीत व्हीबीआरची वेळ बरोबर दिसते, पण फट आहेच, म्हणून तिथे मैफली एकेका फाइलीत जोडल्या. टॅग २.३ केल्यावर टोप्या गेल्या आणि मराठी आली, फक्त ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरांचे पाय सुटतात. वाचता येतं, तेवढं चालवून घेतो.

आता दोन शेवटचे प्रश्न. फोनसाठी एमपीथ्रीऐवजी ओपस या नव्या प्रकारात करावं असं कोणी सुचवलं, त्यात अर्थ आहे का? आणि गाडीत अल्बममधले ट्रॅक उलटसुलट क्रमाने का वाजतात? नंबर तर सगळ्यांना दिले आहेत.

सॅम्पलवाला

ओपसमध्ये अर्थ आहे, तो २०१२ साली मानक झाला आणि एमपीथ्रीपेक्षा बराच पुढचा आहे. १२८ केबीपीएसला बहुतेक संगीत मुळाच्या इतकं जवळ जातं की ओळखणं अवघड, आणि सलग वाजण्याची सोय त्याच्या रचनेतच आहे. तुमचा संग्रह ५० जीबीच्या आसपास बसेल. पण गाडी तो वाजवणार नाही, मग दोन प्रती सांभाळा, नवीन अल्बम आला की दोन्हीकडे घाला. जागा पुरते आहे तर मी या फंदात पडणार नाही. केलंच तर फ्लॅकवरून करा, आत्ताच्या एमपीथ्रीवरून नको.

टॅगभक्त

वेलांटीचं: फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवून मांडणारी यंत्रणा त्या प्लेयरमध्ये नाही. टॅग बदलून ते सुधारत नाही.

क्रमाचं: पुष्कळ प्लेयर ना टॅगमधला नंबर बघत ना फाइलीचं नाव, पेन ड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. फाइलींच्या नावांची सुरुवात दोन आकडी नंबराने करा, ०१, ०२ अशी, आकडे मात्र इंग्रजीतले (01, 02), म्हणजे कॉपीही त्याच क्रमाने होते. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि मग एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. मधेच एखादी फाइल नंतर टाकलीत तर ती शेवटी वाजेल, तेव्हा तो फोल्डर पुसून पुन्हा टाकायचा.

मंद्र

पुन्हा फॉरमॅट करून क्रमाने टाकलं, बरोबर वाजतंय. ओपसचा विचार सोडला.

उगाच_एक

म्हणजे आता ते साडेतीनशे जीबी उडवून जागा मोकळी करणार का?

जुनी_कॅसेट

@उगाच_एक, त्यांना नको ते सुचवू नका. मंद्र, उलट फ्लॅकची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करा. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाची एमडीफाइव्ह खूण (आवाजाच्या बिटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहिलेली असते, त्यामुळे कॉपी झाल्यावर सगळ्या फाइली तपासून एखादी खराब झाली आहे का ते कळतं. फूबारमध्ये फाइलींची अखंडता तपासणारा घटक मिळतो, तो चालवा.