मदत हवी आहे: डीपीपीएचचं रीडिंग उलटं येऊन राहिलं आहे, शुक्रवारी दाखवायचं आहे

कुपी_क्युव्हेट (मंगळवार, रात्री ११:४०)
डीपीपीएच करून राहिली आहे, म्हणजे अर्कात अँटिऑक्सिडंटचा जोर किती ते पाहायची टेस्ट: डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा आणि रंग किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. सगळं पद्धतीप्रमाणे केलं. अर्काचं कॉन्सन्ट्रेशन वाढलं की रीडिंग खाली यायला पाहिजे ना? माझं १०० पर्यंत खाली येते आणि मग वर चढते. तीनदा केलं, तीनदा तेच. आयसी५० (निम्मा रंग उतरवायला लागणारं कॉन्सन्ट्रेशन) कसा काढू? २०० आणि ४०० चे पॉइंट उडवले तर चालते का? शुक्रवारी गाईडला दाखवायचं आहे, प्लीज लवकर सांगा.

जुना_लॅबवाला (रात्री ११:५२)
पॉइंट उडवू नका. अर्क कशाचा? कशात काढला? किती अर्काला किती डीपीपीएच? कंट्रोल, म्हणजे अर्काशिवायचं रीडिंग, किती आलं? आकडे टाका ताई, 'तीनदा केलं' एवढ्यावरून काय कळणार?

बर्डीवाला (रात्री १२:०५)
डीपीपीएच खराब झालं असंन. मृग लागला तरी नागपुरात पावसाचा पत्ता नाही, लॅबमधला कूलर नुसती गरम हवा फेकते. आमच्या बॅचचं द्रावण टेबलावर राहिलं अन् दोन दिवसांत रंग उतरला. नवीन बनवा, फॉइल गुंडाळा, फ्रीजमध्ये ठेवा. विषय संपला.

कुपी_क्युव्हेट (रात्री १२:११)
ताजंच होतं, सकाळी बनवलं. ३.९४ मिलिग्रॅम १०० एमएल मेथॅनॉलमध्ये. फॉइल पण लावला, अर्धा तास अंधारात ठेवलं. कंट्रोल ०.८४२.
अर्क २५ ला ०.६९१, ५० ला ०.५४८, १०० ला ०.४०२, २०० ला ०.४३७, ४०० ला ०.५६१. सगळे मायक्रोग्रॅम पर एमएल.

बर्डीवाला (रात्री १२:१५)
पाहा, मी म्हटलं होतं. तुमचं द्रावण ०.१ मिलिमोलर, त्याला कंट्रोल १.१ च्या वर पाहिजे. ०.८४ म्हणजे उतरलंच ना.

जुना_लॅबवाला (रात्री १२:२४)
तीनास एक घेतलं असेल तर नाही. घेतलं का?

कुपी_क्युव्हेट (रात्री १२:२६)
हो, ३ एमएल डीपीपीएच, १ एमएल अर्क. सगळे तसंच करतात ना.

जुना_लॅबवाला (रात्री १२:३८)
सगळे नाही करत, म्हणून तर विचारतोय. कोणी समसमान घेतं, कोणी प्लेटमध्ये मायक्रोलिटरात. तुमच्या क्युव्हेटमध्ये ०.१ चं ०.०७५ झालं. मोलर ॲब्सॉर्प्टिव्हिटी (एक मोलर द्रावण किती प्रकाश शोषेल तो आकडा) ११ हजारांच्या थोडी वर धरली तर ०.८४ अगदी बरोबर. डीपीपीएच निर्दोष सुटलं. आता संशयित एकच, अर्क. तो कशाचा आहे हे सांगायचं मनावर घ्याल का?

कुपी_क्युव्हेट (रात्री १२:४०)
जांभूळ. लिहिलं नव्हतं का? गोकुळपेठ बाजारातून आणले, फळाची साल घेतली.

जुना_लॅबवाला (रात्री १२:५३)
अहो ताई! ज्या फळावरून रंगालाच जांभळा हे नाव पडलं, ते तुम्ही जांभळा रंग मोजायच्या टेस्टमध्ये टाकलं!

डीपीपीएच हा टिकाऊ फ्री रॅडिकल. त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन मिळाला की जांभळ्याचा पिवळा होतो आणि ५१७ चं रीडिंग पडतं. जांभळाच्या सालीत अँथोसायनिन नावाचे रंग असतात, ते ५२० च्या आसपासच प्रकाश शोषतात. म्हणजे डीपीपीएच मरतंय आणि त्याच्या जागी तुमचा अर्क उभा राहून हजेरी लावतोय. कमी अर्कात हे झाकलं जातं, २०० च्या पुढे उघडं पडतं.

प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनचा वेगळा सॅम्पल ब्लँक घ्या: १ एमएल अर्क, ३ एमएल नुसतं मेथॅनॉल. ते रीडिंग वजा करा, मग कंट्रोलच्या मानाने रंग किती टक्के उतरला ते काढा. पॉइंट उडवायची गरजच पडणार नाही.

वैद्यकट्टा (बुधवार, सकाळी ६:५०)
जांभळाचा खरा गुण बीमध्ये, साल कशाला घेता? बिया सावलीत वाळवून चूर्ण करा, मधुमेहावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. रोग्याला गुण आला का ते पाहायचं सोडून तुम्ही मशीनमध्ये रंग पाहत बसता.

रामदासपेठ_काकू (सकाळी ८:२०)
बरं झालं विषय निघाला. ह्यांना दहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत. बियांचं चूर्ण रोज किती द्यायचं? घरी दोन किलो जांभळं पडली आहेत.

कोरडा_डेटा (सकाळी ९:०५)
काकू, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आधीच गोळ्या, त्यात चूर्ण, आणि साखर एकदम खाली गेली तर चक्कर येऊन पडतील. जांभळं खाऊन टाका, ती वाया जायची नाहीत.

आणि वैद्यबुवा, अर्धं तुमचं पटतं. परीक्षानळीत रंग उतरला म्हणजे रोग उतरला असं नाही. अर्कातले हे पॉलिफेनॉल (अँथोसायनिन त्यातलेच) आतड्यातून फार थोडे रक्तात जातात आणि जे जातात त्यांचं यकृत रूप बदलतं. पण 'पिढ्यान्‌पिढ्या देतात' हाही पुरावा नाही. बीटा कॅरोटीनचं उदाहरण घ्या. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. वाटलं होतं, अँटिऑक्सिडंट आहे, फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला.

वैद्यकट्टा (सकाळी ९:३०)
ती कारखान्यातली गोळी. अख्ख्या फळाशी तिची तुलना कशी करता?

कोरडा_डेटा (सकाळी ९:३४)
चूर्ण म्हणजे तरी अख्खं फळ कुठे आहे? तुम्हीच आत्ता बी वेगळी काढायला सांगितली.

बर्डीवाला (सकाळी ९:४१)
जांभूळ सोडा ना बाप्पा. नागपूरचे आहात, संत्र्याची साल घ्या. फुकट मिळते, रंगाची कटकट नाही, अन् पेपरात नागपुरी संत्रा लिहिलं की परीक्षक खूश.

कुपी_क्युव्हेट (दुपारी ४:१५)
सिनॉप्सिस जांभळावर मंजूर आहे, आता काय संत्रं घेऊ? भांडण नंतर करा प्लीज.

सॅम्पल ब्लँक घेतले. २५ ला ०.०२१, ५० ला ०.०४२, १०० ला ०.०८४, २०० ला ०.१६८, ४०० ला ०.३३५. वजा करून टक्के: २०.४, ३९.९, ६२.२, ६८.१, ७३.२. वर जाणं बंद झालं!! आधी ४०० ला ३३ टक्के येत होते. ५० आणि १०० च्या मधून आयसी५० साधारण ७३ येतो. झालं ना? थीसिसमध्ये टाकू?

जुना_लॅबवाला (दुपारी ४:५०)
ब्लँक दुपटीदुपटीने वाढतोय, म्हणजे रंगच होता. छान. पण ७३ वर घाईने शिक्का मारू नका. ४०० ला ९० च्या आसपास जाईल असं मला वाटलं होतं, तुमचं ६८ वरून ७३ वर रेंगाळतंय. अर्क कशात काढला हे काल रात्रीपासून विचारतोय.

कुपी_क्युव्हेट (दुपारी ४:५८)
मेथॅनॉलमध्ये. थोडं हायड्रोक्लोरिक टाकलं होतं, १ टक्का. पेपरमध्ये तसंच होतं. नंतर बाष्पीभवन करून मेथॅनॉलमध्येच विरघळवला.

जुना_लॅबवाला (सायंकाळी ५:२०)
'थोडं' म्हणे! आम्लात अँथोसायनिन लालभडक होतात, म्हणून काढायला आम्ल वापरतात, ते ठीकच. पण डीपीपीएचची क्रिया आम्लावर अवलंबून असते, आम्ल जास्त झालं तर वेग मंदावतो. अर्कात आम्ल उरलं असेल तर कंट्रोलमध्येही तेवढंच हवं. तुमचं कंट्रोल साधं मेथॅनॉल आहे ना?

कुपी_क्युव्हेट (सायंकाळी ५:२३)
हो. आणि अर्काचा पीएच घेतला नाही.

जुना_लॅबवाला (सायंकाळी ५:४०)
मग उद्या एवढंच करा. थोडा अर्क पाण्यात घालून पीएच पेपर लावा. आम्ल निघालं तर कंट्रोल आम्लयुक्त मेथॅनॉलने पुन्हा, आणि ब्लँक तर पुन्हा घ्यावेच लागतील. ४०० ची नळी अर्ध्या तासाऐवजी तासाभरानेही वाचा, रीडिंग अजून उतरत असेल तर क्रिया पुरी झाली नव्हती. तुलनेसाठीचं ॲस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सी) त्याच दिवशी, त्याच डीपीपीएचवर लावा. ते लावलंय ना?

कुपी_क्युव्हेट (सायंकाळी ५:४४)
मागच्या महिन्यातलं आहे. चालते ना?

जुना_लॅबवाला (सायंकाळी ५:४५)
नाही.

रामदासपेठ_काकू (रात्री ८:१०)
डॉक्टरांनी चूर्णाला नाही म्हटलं. जांभळं सगळी संपली. ह्यांची जीभ अजून जांभळी आहे.

कुपी_क्युव्हेट (गुरुवार, सकाळी ११:३०)
पीएच पेपर लाल झाला. पुन्हा सगळं लावते आहे. काकू, कुणाकडे अजून जांभळं असतील तर सांगा, माझी साल ४०० पुरतीच उरली आहे.