पैसे एकाच पाळीचे असतील तर घरी रुग्ण सांभाळणारी मावशी दिवसाची की रात्रीची?

जुळेसोलापूरकर:
पोरं पुण्याला, इथे एक सून आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस. नर्सिंग ब्युरोची बाई (मावशी) एकाच पाळीची परवडत असेल तर रात्रीचीच ठेवा. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दहा ते सहात चारदा उठणं. महिनाभर अशी झोपमोड झाली की सांभाळणारीचंच बीपी वाढतं, झोपेच्या तारेत औषधाचा डोस चुकतो.

पूर्वभाग:
आमच्याकडचा हिशेब वेगळा. इकडे सोलापूरच्या पूर्व भागात बायका घरी विड्या वळतात, मजुरी दर हजार विड्यांमागे. चार-पाचदा नळीतून भरवणं, अंग पुसणं, डायपर यात भिजवलेली पानं सुकून जातात. दिवसाचीच मावशी हवी. रात्रीला एअर बेड (पंपाने हवा भरणारी गादी) आणा आणि झोपा निवांत.

कूसबदल:
‘झोपा निवांत’ हे डेंजर आहे. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, फार तर अंतर थोडं वाढतं, तेही कातडी बघून. वीज गेली की पंप बंद, हवा उतरते. गादीखाली, माकडहाडाच्या खाली तळहात सरकवून बघा: मध्ये इंचभर हवा लागली नाही तर माणूस फळीवरच झोपलंय. आणि वर सोलापुरी चादर चौघडी घालू नका हो! एकच पातळ सुती चादर. मे महिन्यात रेक्झिनवर घाम साचून कातडी सोलते. टाचा अधांतरी हव्यात, उशी पोटऱ्यांखाली. लाल डाग बोटाने दाबून पांढरा झाला नाही तर जखम सुरू झाली समजा.

जुळेसोलापूरकर:
म्हणजे रात्री जागं माणूस लागतंच.

पूर्वभाग:
लागतं, पण मावशी जागी राहते का? भिंतीवर वेळ आणि कूस लिहायचा तक्ता लावा. एक मात्र ठरवून घ्या: भरवायची नळी घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं तिचं काम नाही, त्याला नर्स. भरवताना डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर, नंतर अर्धा-एक तास तसंच, नाहीतर फीड फुफ्फुसात. दिवसा घाईत नेमकं हेच राहतं, म्हणून मी दिवसाच्याच बाजूने.

कूसबदल:
आणि विसरभोळेपणाचा आजार असेल तर पाळीआधी भाषा विचारा. तेलुगू घरातल्या आजीला मराठी तुटत जातं, मग मावशीला काही कळत नाही आणि सुनेला दर दहा मिनिटांनी हाक. ती बाई पगारी असून सुट्टी कुणाला मिळाली?