आशिया नावाचा लघुग्रह मद्रासहून कसा सापडला?

दांडियाबाजारकर: पोराचा शाळेचा प्रोजेक्ट आहे, सकाळपासून डोकं खातोय. 1861 मध्ये मद्रासच्या वेधशाळेतून पॉगसन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने हा लघुग्रह शोधला म्हणे. पण दुर्बिणीत ठिपका तो ठिपका, तारा नाही हे कळलं कसं? आणि नावाआधी 67 कशाला? मी बीकॉम आहे, बेताने सांगा.

अगाशीवाला: दादा, तो हलतो म्हणून! तारे एकमेकांपासून हलत नाहीत, हा सरकतो. तेव्हा फोटोवरून शोधत नसत (ते 1891 पासून, मॅक्स वोल्फने सुरू केलं), नकाशाशी ताडून बघायचं, जास्तीचा ठिपका दिसला की दुसऱ्या रात्री परत तिथेच डोळा. मी 2018 च्या जूनमध्ये पाऊस यायच्या आधी वेस्टा नावाच्या लघुग्रहावर करून पाहिलंय, मांजलपूरच्या अगाशीवरून, उत्तरायणला पतंग बघायला घेतलेल्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीने. वहीत ठिपके काढले, दोन रात्री ढगांनी खाल्ल्या, तिसऱ्या रात्री बघतो तर एक ठिपका चक्क बाजूला सरकलेला, बायकोला झोपेतून उठवून दाखवला आणि बोलणी खाल्ली. 67 म्हणजे शोधाचा क्रम, सेरेस 1, वेस्टा 4. आशिया खंडातून सापडलेला पहिलाच म्हणून नावही तेच.

दांडियाबाजारकर: बरं, पण सूर्याभोवती फेरी किती वर्षांची ते कसं कळतं, कोणी पावणेचार वर्षं बघत बसलं होतं का?

सुरसागरची_मावशी: नाही हो भाऊ, थोड्या दिवसांच्या नोंदी पुरतात. सेरेस 1801 मध्ये पियाझ्झीने जेमतेम दीड महिना पाहिला, मग तो सूर्याच्या उजेडात गडप. गणितज्ञ गाउसने तेवढ्यावरून गणित मांडलं आणि वर्षाअखेरीस तो सांगितल्या जागेच्या आसपास सापडला. मला तर शोधापेक्षा हेच भारी वाटतं. आशियाचं सूर्यापासून सरासरी अंतर पृथ्वीच्या 2.42 पट. पोराला सांगा 2.42 × 2.42 × 2.42 करायचं म्हणजे घन, मग वर्गमूळ, की आली फेरीची वर्षं, केप्लरचा नियम आहे.

दांडियाबाजारकर: 3.76 आलं!! आता दुर्बीण मागतोय.

अगाशीवाला: द्या की, पण दोन डोळ्यांच्या साध्या दुर्बिणीत आशिया नाही दिसायचा, त्याला टेलिस्कोप लागतो. आधी वेस्टा शोधू दे.