गाडीचं ऑईल घरी बदलावं की गॅरेजलाच न्यावं?

विश्रामबागकर
परवा रविवारी दारातच माझ्या पेट्रोल स्विफ्टचं ऑईल बदललं. आधी मीही गॅरेजला चावी देऊन ऑफिस गाठायचो. 2022 च्या पावसाळ्यात एका गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणली, बिलात नवीन ऑईल फिल्टरचे पैसे लावलेले. आठवड्याने खालून टॉर्च मारून बघितलं तर फिल्टर जुनाच. मागच्या वेळच्या मिस्त्रींनी मार्करने टाकलेली तारीख तशीच त्याच्यावर. त्या दिवसापासून हे काम मी दुसऱ्याला दिलेलं नाही.

पैसे फार वाचत नाहीत, सातशे-आठशे. पण इंजिनात काय गेलं ते मला माहीत असतं. पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑईल आणायचं, डबा आपल्या हाताने फोडायचा. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करायचं, म्हणजे ऑईल पातळ होतं पण हात भाजत नाही. ड्रेन बोल्टचे (इंजिनच्या तळाशी जुनं ऑईल सोडायचा बोल्ट) शेवटचे आटे बोटांनी, बोल्ट वर दाबून धरत सोडवायचे आणि झटकन हात बाजूला घ्यायचा. आधी मनगटाएवढी धार पडते, मग सुतळीएवढी, मग थेंब. तो शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गर्दीच्या गॅरेजमध्ये कोण देतो? तुमचं मत सांगा.

मिरजकर_काका
मला पटत नाही. एकाने फसवलं तर गॅरेज बदला, गॅरेजला जायचंच का सोडता? गेल्या वर्षी मी नुसतं ऑईल बदलायला गेलो होतो. गाडी लिफ्टवर चढली तसं मिस्त्रींनी हाक मारली, "काका, हिकडं या, हे बघा." ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं, रबरी बूट चिरलेलं, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळी नक्षी उमटलेली. बूट थोडक्यात बदलून झालं. धूळ-पाणी आत जात राहिलं असतं तर सांधाच गेला असता. तुम्ही गाडीखाली आडवे पडून बोल्ट बघता, ते उभं राहून सगळी गाडी बघतात.

दुसरं सांगतो. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझी गाडी गावभागात पाहुण्यांच्या दारात बुडाली. पाणी उतरल्यावर पहिला फोन याच मिस्त्रींना केला. ते म्हणाले, "किल्ली फिरवू नका, मी येतो." डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) काढली तर त्याला दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी लागलेलं, म्हणजे ऑईलमध्ये पाणी शिरलेलं. मी स्टार्टर मारला असता तर इंजिन तिथंच संपलं असतं. दरवर्षी त्यांच्याकडं जातो म्हणून ते त्या चिखलात आले. सातशे रुपयांसाठी ही ओळख मी तोडणार नाही.

विश्रामबागकर
काका, बुटाचा मुद्दा मान्य. मी टॉर्च मारून बघतो, पण लिफ्टवर दिसतं तसं दिसत नाही हे खरं. ब्रेक, सस्पेन्शन मी आजही गॅरेजलाच देतो. माझं म्हणणं फक्त ऑईल आणि फिल्टरपुरतं आहे.

कुपवाड_टर्नर
मी पण घरीच करतो, पण दोन गोष्टी लई कळकळीनं सांगतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. जॅक गाडी उचलायला असतोय, धरून ठेवायला नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड आणि खाली दोन घोड्या (गाडी धरून ठेवणारे लोखंडी स्टँड) पाहिजेतच. आणि बोल्ट आवळताना जोर दाखवू नका. बऱ्याच गाड्यांचा चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑईलचं भांडं, ॲल्युमिनियमचा असतोय. आमच्या शॉपमध्ये एकजण आटे गेलेला चेंबर घेऊन आला होता, लांब पाईप लावून आवळलेला. वॉशर दरवेळी नवा घाला. फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावा, जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना ते बघा. रबर टेकलं की हातानं पाऊण फेरा, बास. पाना लावायचा नाही.

कृष्णाकाठची
सगळे नवीन ऑईलबद्दल बोलताय. जुनं कुठं जातं? आमच्या गल्लीत एकजण जळकं ऑईल सरळ गटारीत ओततात. विचारलं तर म्हणाले, "तीन लिटरनं काय होतंय ताई?" ती गटार पुढं शेरीनाल्याला मिळते आणि शेरीनाला कृष्णेत. खालच्या गावांनी तेच पाणी प्यायचं. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी ऑईल कंपन्यांवरही टाकली आहे. चांगलं गॅरेज ते बॅरलमध्ये साठवून देतं. घरी करणाऱ्याची ही सोय नसेल तर त्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विश्रामबागकर
ताई, मी गटारीत कधीच ओतलं नाही. जुन्या कॅनमध्ये भरून शेजारच्या सेंट्रिंगवाल्यांना देतो, ते स्लॅबच्या प्लेटांना लावतात, काँक्रीट चिकटू नये म्हणून.

कृष्णाकाठची
दादा, प्लेटांवरचं ऑईल पहिल्या पावसात मातीतच उतरतं. गटार नाही, एवढाच फरक.

मिरजकर_काका
ताईंचं बरोबर आहे. आणि वॉरंटीतल्या गाडीला तर घरी हात लावूच नये. उद्या इंजिनचं काही निघालं तर कुणी काय घातलं हे दाखवायला कागद लागतो.

विश्रामबागकर
माझ्या गाडीची वॉरंटी कधीच संपली, तरी ऑईल-फिल्टरची बिलं तारीख आणि किलोमीटर टाकून जपतो. सेंट्रिंगचं मात्र ताईंनी सांगेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. काका, तुमचे मिस्त्री बाहेरचं जुनं ऑईल बॅरलमध्ये घेतील का? परवाचा कॅन अजून जिन्याखालीच आहे.

मिरजकर_काका
घेतील, मी सांगून ठेवतो. शनिवारी दुपारनंतर आणा. गाडी घेऊनच या, एकदा लिफ्टवर चढवून बुटं बघून घेऊ.